पाण्याकाठची माणसे आणि पाण्याकाठच्या इमारती

पावसाळा सुरू झाला की पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर शनिवारी-रविवारी वाहनांची रांग लागते. त्या रांगेतला मोठा भाग खडकवासला धरणाची भिंत ओलांडून चौपाटी नावाने ओळखल्या जाणाऱ्या काठावर जाऊन थांबतो. भाजलेले कणीस, कांदाभजी, चहा, समोर भरलेला जलाशय आणि पलीकडे ढगांत शिरलेले डोंगर, एवढ्यासाठी लोक तासन्‌तास कोंडीत अडकायला तयार होतात. या जलाशयातले पाणी त्यांच्याच घरच्या नळाला येते. त्यामुळे दरवर्षी पावसाबरोबर दोन मागण्याही येतात. पिण्याच्या पाण्यावर जत्रा कशाला, चौपाटी कायमची बंद करा, ही पहिली. शहराजवळ असा दुसरा जलाशय नाही, तेव्हा इथे नौकाविहार, निवासाची सोय आणि मोठे पर्यटन केंद्र उभारा, ही दुसरी. या दोन्ही मागण्यांत पाहुणा आणि रहिवासी यांची गल्लत झालेली आहे. तलावाच्या काठावर दोन तास येऊन बसणाऱ्या माणसांमुळे पाण्याचे जे नुकसान होते ते थोडे असते आणि आवरता येते. काठावर कायमची उभी राहणारी बांधकामे मात्र पाणी असे बिघडवतात की ते पूर्ववत होत नाही. म्हणून खडकवासल्याच्या काठी माणसांना मोकळेपणाने येऊ द्यावे आणि इमारतींना येऊ देऊ नये, असे मला वाटते. वाटते ते का, हे सांगण्यासाठी आधी या धरणाचे वेगळेपण समजून घ्यावे लागेल.

साठ्याच्या हिशेबात खडकवासला लहान धरण आहे. पुण्याला पाणी देणाऱ्या साखळीत चार धरणे आहेत. आंबी नदीवरचे पानशेत १०.६५ टीएमसीचे, मोसे नदीवरचे वरसगाव १२.८२ टीएमसीचे, मुठेवरचे टेमघर ३.७१ टीएमसीचे आणि या तिन्हींच्या खाली, मुठेवरच, खडकवासला १.९७ टीएमसीचे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. चारही धरणांचा उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी धरला तर त्यात खडकवासल्याचा वाटा सात टक्क्यांनाही पोचत नाही. शहराला महिन्याला साधारण दीड टीएमसी पाणी लागते. शेतीला काहीही सोडले नाही तरी तुडुंब भरलेले खडकवासला एकट्याच्या बळावर पुण्याला जेमतेम सव्वा महिना पुरेल. पण वरच्या तिन्ही धरणांतून सोडलेले पाणी सांगरुणच्या परिसरात एकत्र येते आणि खडकवासल्यातच उतरते. तिथूनच ते बंद जलवाहिनीने पर्वतीकडे आणि कालव्याने शहरातून पुढे दौंड-इंदापूरच्या शेतीकडे जाते. घरात पाणी साठवायला हौद असतो आणि प्यायला माठ. पानशेत-वरसगाव हे पुण्याचे हौद आहेत आणि खडकवासला हा माठ. या भेदाला फार महत्त्व आहे. पानशेतच्या पाण्यात वर कुठे घाण मिसळली तर ती पातळ व्हायला, गाळ खाली बसायला, उन्हाने आणि काळाने जंतू मरायला अवधी मिळतो. खडकवासल्यात मिसळलेल्या घाणीला तो अवधी मिळत नाही. ती थेट जलवाहिनीच्या तोंडाशी येते.

पाणीपुरवठ्याच्या बांधाजवळ लोकांनी फिरायला जाणे पुण्याला नवे नाही. खडकवासल्याच्याही आधी, १८५० मध्ये, शहराला पाणी मिळावे म्हणून जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा बांधला गेला आणि त्याच्या शेजारी पुढे बाग झाली. तीच बंडगार्डन. पिढ्यान्‌पिढ्या पुणेकर तिथे संध्याकाळी गेले. आज त्या पाण्याची ओंजळ तोंडाला लावण्याचा विचारही कोणाच्या मनात येणार नाही. बागेत आलेल्या माणसांनी ते पाणी बिघडवले नाही. वरच्या अंगाला वाढत गेलेल्या शहराने आपले सांडपाणी नदीत सोडले आणि ते बिघडले. कर्नल फाइफ यांच्या योजनेनुसार खडकवासल्याचे दगडी धरण बांधले गेले, ते १८७९ मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला त्या वेळी फाइफ यांचेच नाव होते. भिंतीची उंची न वाढवता जास्त पाणी साठवता यावे म्हणून विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये याच धरणावर आपले स्वयंचलित दरवाजे बसवले, ही आपल्या अभियांत्रिकीच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे. मग १२ जुलै १९६१ चा दिवस आला. काम पूर्ण होण्याआधीच भरलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासल्याचीही भिंत फोडली. नदीकाठच्या पेठा बुडाल्या, हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्या पुराच्या आठवणी पुण्यात अजून सांगितल्या जातात. पुराने शहराची आणखी एक अडचण केली होती, ती मात्र कमी सांगितली जाते. पाणी ओसरल्यावर नळ कोरडे पडले आणि लोकांना विहिरींचा आधार घ्यावा लागला. त्या वेळी वाड्यावाड्यांत आड होते, शहराची वस्ती सहा लाखांच्या घरात होती. २०११ च्या जनगणनेतच महापालिकेच्या हद्दीत ३१ लाखांवर लोक होते, त्यानंतर शहर कितीतरी वाढले आहे, आणि आड बुजवून त्यांवर इमारती झाल्या आहेत. खडकवासल्याचे पाणी उद्या पिण्यालायक उरले नाही तर या शहराला मागे वळायला वाट नाही.

अशा जलाशयाचे काय होऊ शकते, ते समजून घेण्यासाठी मुंबईइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. तिथे विहार आणि पवई हे दोन तलाव जवळजवळ एकमेकांना लागून आहेत. विहार १८६० मध्ये तयार झाला आणि मुंबईला नळाचे पाणी पहिल्यांदा त्यानेच पाजले. पवई १८९१ मधला. डोंगर तेच, पाऊस तोच, हेतूही तोच. आज विहार, त्याच्या वरचा तुळशी तलावही, मुंबईला पिण्याचे पाणी देतो. विहारची क्षमता २,७६९.८ कोटी लिटर आहे आणि तो भरून वाहू लागला की शहराला थोडे हायसे वाटते. पवईही दरवर्षी भरून वाहतो, पण त्याची बातमी देताना महापालिकेला सोबत सांगावे लागते की हे ५४५ कोटी लिटर पाणी पिण्यायोग्य नाही, ते औद्योगिक वापरासाठी आहे. हा फरक कशाने पडला? पवईच्या काठी लोक फिरायला गेले म्हणून? तिथे गळ टाकून मासे पकडणारे हौशी लोक कित्येक दशके बसत आले, त्यांची संघटनाही आहे, आणि तलाव बिघडतो आहे म्हणून ओरड करणाऱ्यांत तेच पुढे राहिले. पवईचे पाणलोट क्षेत्र बांधकामांनी भरत गेले. खाणी झाल्या, वसाहती झाल्या, झोपड्या झाल्या, उंच इमारती झाल्या, आणि या सगळ्यांचे सांडपाणी उताराने जिथे जायचे तिथे गेले. विहार वाचला तो त्याच्या सभोवतीचे रान वाचले म्हणून. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाने जितकी बिबट्यांची राखण केली तितकीच मुंबईच्या पाण्याची केली आहे. तिथे पहाराही आहे आणि सामान्य माणसाला प्रवेश नाही, हे खरे. पण पहारा ठेवून आणि डोंगरावर मात्र वसाहत होऊ देऊन विहार वाचला नसता. पाणी आकाशातून पडते ते सगळ्या पाणलोटावर पडते आणि वाटेत जे सापडेल ते घेऊन तलावात येते.

बांधकाम आणि पाहुणा यांच्यातला फरक आकड्यांतही मांडता येतो. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण आपल्याकडे धरले जाते आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी होते असे अभियंते मानतात. शंभर माणसे कायम राहतील एवढे निवासी संकुल काठावर झाले तर रोज सुमारे १०,८०० लिटर आणि वर्षाला ३९ लाख लिटरांहून अधिक सांडपाणी तयार होईल. रविवारी आलेली शंभर माणसे कितीही बेफिकीर वागली तरी या आकड्याच्या जवळपासही जाणार नाहीत. या सांडपाण्याचे काय होते? काठावरच्या गावांत भुयारी गटारे नाहीत. सेप्टिक टँक असतो, त्याला जोडून शोषखड्डा असतो, पुष्कळ ठिकाणी शोषखड्डाही नसतो. सह्याद्रीच्या या भागात मातीचा थर पातळ आहे, खाली मुरूम आणि भेगाळलेला काळा कातळ. कोरड्या दिवसांत शोषखड्डा थोडेफार काम करतो. पावसाळ्यात जमीन आधीच पाण्याने गच्च झालेली असते, टाक्या भरून वाहतात आणि मैल्यासकट पाणी ओढ्यांतून जलाशयात उतरते. म्हणजे जेव्हा जलाशय भरत असतो आणि शहर त्याच्याकडे आनंदाने पाहत असते, नेमकी तेव्हाच घाणही सर्वाधिक येते. सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर शेवाळ व जलपर्णी पोसतात. शेवाळामुळे पाण्याला वास आणि रंग येतो, ते कुजले की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, जलपर्णी पृष्ठभाग झाकून टाकते. मुळा-मुठेच्या पात्रात पुणेकर हे दृश्य दर उन्हाळ्यात पाहतात. ते धरणाच्या वरच्या अंगाला सरकायला नको असेल तर वेळ आता आहे.

यावर पहिला आक्षेप अभियंत्यांच्या आत्मविश्वासातून येतो. पाणी धरणातून थेट नळाला येत नाही, वाटेत जलशुद्धीकरण केंद्रे आहेत, मग काठावर काय चालते याची एवढी चिंता कशाला? आपली केंद्रे मोठे काम करतात, यात शंका नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात, क्लोरीनने जंतू मारतात. पण ही पद्धत स्वच्छ डोंगरी पाण्यासाठी आखलेली आहे. विरघळलेली रसायने, औषधांचे अंश, साबणातले घटक ती नीट काढू शकत नाही. पाण्यात सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर क्लोरीनशी त्याचा संयोग होऊन शरीराला अपायकारक असे नवेच पदार्थ तयार होतात. म्हणजे कच्चे पाणी जितके घाण, तितके औषध जास्त आणि तितका औषधाचाही अपाय. शिवाय शुद्धीकरणाची ही ढाल सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुइलेन-बारे सिंड्रोमचा, म्हणजे जीबीएसचा, उद्रेक झाला. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, काही माणसे दगावली. सुरुवातीचे पुष्कळ रुग्ण सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागातले होते. २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी ही गावे. तिथे शुद्धीकरण केंद्रातून न गेलेले, विहिरीत घेऊन केवळ क्लोरीन टाकलेले पाणी नळाला येत होते. रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू आढळला. त्या साथीचा सगळा ठपका जलाशयावर ठेवणे अन्यायाचे होईल. त्या भागातले टँकर आणि खासगी आरओ केंद्रेही तेव्हा तपासणीत सापडली. पण भिंतीला अगदी लागून असलेल्या, धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या गावांपर्यंत गाळलेले पाणी पोचत नव्हते, एवढे त्या आजाराने सर्वांना दाखवून दिले. ज्यांच्या आणि धरणाच्या मधे शुद्धीकरण केंद्र नाही, त्यांच्यासाठी स्वच्छ जलाशय हेच शुद्धीकरण केंद्र असते.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूने येतो. माणसे आली की मागोमाग टपऱ्या येतात, टपऱ्यांमागे हॉटेल, हॉटेलमागे फार्महाऊसचे प्लॉट. तेव्हा माणसांनाच रोखा, म्हणजे पुढचे सगळे आपोआप थांबेल. या म्हणण्यात तथ्य आहे. काठावरच्या जमिनींना जो भाव आला आहे तो पाण्याच्या दर्शनाचाच आहे. पण बंदीचा अनुभव वेगळे सांगतो. लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश निघाले. आदेश काही आठवडे टिकतात, पोलीस दुसऱ्या कामाला लागतात, गर्दी परत येते. या सगळ्या काळात काठावरचे खासगी निवास चालूच असतात, कारण त्यांचे पाहुणे कुंपणाच्या आत असतात. बंदीचा भार दुचाकीवर बायको-मुलांना घेऊन आलेल्या कामगारावर पडतो. ज्याच्याकडे रात्रीचे हजारो रुपये आहेत त्याला पाणी दिसतच राहते. जे शहर तळी बुजवून आणि टेकड्या पोखरून वाढले, त्याने आपल्या साध्या माणसाला आठवड्यातून एकदा मिळणारे आकाशही नाकारणे मला अन्यायाचे वाटते. आणि पाण्याच्या दृष्टीने पाहिले तरी हे उलटेच आहे. ज्याच्याकडून धोका कमी तो बाहेर आणि ज्याच्याकडून जास्त तो आत.

माणसांचा वावर आणि स्वच्छ पाणी एकत्र नांदू शकतात, याचा पुरावा खडकवासल्यातच आहे. जलाशयाच्या उत्तर काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. १९४९ मध्ये तिची पायाभरणी झाली आणि १९५५ मध्ये उद्घाटन. जागा निवडताना जवळ जलाशय असणे हेही एक कारण होते. तिथल्या पीकॉक बे या खाडीसारख्या भागात छात्र शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर होड्या फिरत आल्या आणि तरीही प्रबोधिनीच्या बाजूचा काठ हिरवा राहिला, कारण तिथे जमिनीचे तुकडे पाडून विकणारा कोणी नाही. आता समोरचा, पानशेत रस्त्याचा काठ पाहा. गोऱ्हे बुद्रुक, गोऱ्हे खुर्द, खानापूर, मालखेड या पट्ट्यात हॉटेले आणि फार्महाऊसे यांची दाटी वाढतेच आहे. त्याच्या वर मोसे खोऱ्यात वरसगावच्या जलाशयाकाठी लवासा नावाचे अख्खे शहरच आखले गेले होते. पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये नोटीस दिल्यानंतर त्यावर देशभर चर्चा झाली, पुढे तो प्रकल्प आर्थिक अडचणीत बुडाला. त्या चर्चेत डोंगर, परवानग्या आणि राजकारण यांवर भरपूर बोलले गेले. हे शहर पुण्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला वसते आहे, या मुद्द्यावर मात्र पुणेकरांनी जितके बोलायला हवे होते तितके ते बोलले नाहीत.

सिंगापूरचा दाखला इथे हमखास दिला जातो. तिथे शहराच्या मधोमध, गगनचुंबी इमारतींच्या पायथ्याशी मरिना जलाशय आहे. २००८ मध्ये समुद्राच्या तोंडावर बांध घालून तो तयार केला, त्याचे पाणी प्यायलाही वापरतात आणि त्यावर होड्याही फिरतात. मग इमारती आणि पाणी एकत्र नांदतातच की! दाखला खरा आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. सिंगापुरात प्रत्येक घराचे सांडपाणी वेगळ्या भुयारी गटारात जाते आणि पावसाचे पाणी वेगळ्या नाल्यात. आधी ते झाले, मग जलाशय झाला. शिवाय मरिनाचे पाणी अतिसूक्ष्म पडद्यांतून गाळतात, त्याला लागणारी वीज आणि पैसा त्या देशाकडे आहे. आपण क्रम उलटा लावला आहे. जलाशय दीडशे वर्षांपूर्वीचा, इमारती आजच्या आणि गटारे अजून कागदावर. आपल्या परिस्थितीला न्यूयॉर्कचा दाखला अधिक जवळचा आहे. त्या शहराचे बहुतेक पाणी दूरच्या कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतल्या धरणांतून येते. नव्वदच्या दशकात शहरासमोर दोन मार्ग होते. अब्जावधी डॉलर खर्चून गाळण केंद्र उभारायचे किंवा खोरेच सांभाळायचे. १९९७ मध्ये शहराने खोऱ्यातल्या गावांशी करार केला. गावकऱ्यांचे सेप्टिक टँक दुरुस्त करण्याचा, नवी गटारे घालण्याचा, शेणखताची विल्हेवाट नीट लावण्याचा खर्च शहराने उचलला, ओढ्यांकाठची जमीन राजीखुशीने विकणाऱ्यांकडून विकत घेतली. तिथल्या जलाशयांत परवाना घेऊन वल्ह्याची होडी नेता येते, मासे पकडता येतात. पोहता येत नाही. माणसे आली, पण शहराला सांभाळायची होती ती जमीन शहराने सांभाळली.

सर्वांत अवघड आक्षेप काठावरच्या गावकऱ्यांचा आहे आणि त्याला उत्तर देताना आवाज खाली ठेवायला हवा. या गावांनी धरणांसाठी जमिनी दिल्या. सुपीक शिवारे पाण्याखाली गेली, उरली ती चढावरची बरड जमीन. शहराने त्यांचे पाणी नेले, त्यांच्या गावात मात्र धड नळयोजना दिली नाही. आता त्या बरड जमिनीला पहिल्यांदाच भाव आला, तर शहरातले शहाणे म्हणणार, बांधू नका! हा राग रास्त आहे. म्हणूनच बांधकामाला आवर घालण्याचा खर्च त्या गावांवर टाकता कामा नये. चौपाटीवरच्या टपऱ्या, वाहनतळ, जलाशयावरच्या वल्ह्याच्या होड्या, स्वच्छतेचे कंत्राट, जीवरक्षकांच्या नोकऱ्या, या सगळ्यांवर पहिला हक्क धरणग्रस्त गावांचा असावा आणि तो कायद्याने लिहिलेला असावा. फार्महाऊसचा प्लॉट विकला की गावकऱ्याला एकदाच पैसे मिळतात, मग त्याच जमिनीवर त्याचा मुलगा पहारेकरी म्हणून उभा राहतो. दिवसभराच्या पर्यटनातून येणारा पैसा लहान असेल, पण तो दर हंगामाला येतो आणि गावात राहतो. जमीन बांधकामाविना राखण्याबद्दल वार्षिक मोबदलाही द्यावा. तो पुण्याच्या पाणीपट्टीतून यावा, कारण फायदा पुण्याचा आहे.

हे कोण करणार, हा प्रश्न उरतो आणि तिथेच आजची खरी गोची आहे. धरण आणि जलाशय जलसंपदा विभागाचा. पाणी उचलणार महापालिका. काठावरच्या बांधकामांना परवानगी देण्याचे अधिकार महानगर विकास प्राधिकरणाचे. गावातले सांडपाणी ग्रामपंचायतीच्या माथी. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, प्रदूषणावर नजर प्रदूषण नियंत्रण मंडळाची, गर्दी पोलिसांची. प्रत्येकाकडे काठाचा एक तुकडा आहे आणि पाण्याची जबाबदारी एकाकडेही पूर्ण नाही. जलसंपदा विभागाने अतिक्रमण काढले तर शेजारच्या जागेत परवानगी घेऊन इमारत उभी राहते. म्हणून या चारही जलाशयांच्या काठांसाठी अधिकार असलेले एकच मंडळ हवे, त्यात महापालिका आणि काठावरच्या ग्रामपंचायती दोघींनाही बरोबरीने मत असावे. त्याने पहिले काम म्हणून पूर्ण संचय पातळीपासून वर ठरावीक अंतराचा पट्टा आखावा आणि त्यात नव्या निवासी बांधकामाला मुळीच परवानगी देऊ नये. सध्या असलेल्या गावांची घरे तिथेच राहतील, त्यांना सामुदायिक गटारे आणि लहान शुद्धीकरण केंद्रे आधी मिळतील आणि शुद्ध केलेले पाणी शेताला जाईल, जलाशयात येणार नाही. असलेल्या रिसॉर्टांना मुदत देऊन तीच अट लावावी, न पाळणाऱ्यांची वीज-पाण्याची जोडणी तोडावी. चौपाटीवर टपऱ्या रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला न्याव्यात, पुरेशी स्वच्छतागृहे बांधावीत, त्यांचा मैला टँकरने धरणाच्या खाली न्यावा. वाहने भिंतीच्या अलीकडे थांबवून पुढे बस चालवावी. पाण्यात उतरणे, कपडे आणि गाड्या धुणे, मूर्ती विसर्जन यांना बंदी असावी. ही बंदी छोटी आहे, म्हणून ती पाळून घेता येईल. पेट्रोलवर चालणारी एकही होडी या पाण्यावर नसावी. यात अशक्य काही नाही. पैसाही फार नाही, निदान दुसरे धरण शोधण्याच्या तुलनेत तर नाहीच, आणि तसे धरण बांधायला पुण्याजवळ आता जागाही उरलेली नाही.

पुण्यातल्या वाचकाला एकच विनंती आहे. पानशेत रस्त्यावर पाण्याच्या दर्शनाचे आमिष दाखवणाऱ्या प्लॉटची जाहिरात पुढच्या वेळी हातात पडली, तर विकणाऱ्याला जागेचा भाव विचारण्याआधी सांडपाणी कुठे जाणार ते विचारा आणि उत्तर लेखी मागा. ते देता आले नाही तर ती जागा घेऊ नका, आणि आपल्या नगरसेवकाला त्या जागेचा गट क्रमांक कळवा.